आधी पुसतं, मग लिहितं

मला त्या मशीनची भीती वाटायची. पहिल्यापासून. लोकांना वाटतं, गाण्याबजावण्याच्या घरात नुसती मजा असते, हसणं-खिदळणं, चहावर चहा. असेल बाबा कुणाच्या घरात. आमच्या माडीवरच्या खोलीत पाय टाकला की माझे तळहात ओले व्हायचे. आणि ओल्या हातानं बेस गिटारची तार दाबली की ती बोटाखालून निसटते, म्हणून मी पदराला हात पुसत पुसतच वाजवायला बसायचे.

सत्तर साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. दादा, माझा थोरला भाऊ, ऑर्केस्ट्रात गायचा. गणपतीत आणि जत्रांच्या हंगामात तो घरी फक्त झोपायला यायचा. शिरोळपासून पार मलकापूरपर्यंत त्याचे कार्यक्रम व्हायचे. वडील लवकर गेलेले. घरात आई, दादा आणि मी, एवढीच माणसं. दादाचं लग्न जमत नव्हतं. 'मुलगा काय करतो' म्हटल्यावर 'गातो' असं सांगितलं की पावणं चहाचा कप अर्धा ठेवून उठायचं. दादाला त्याचं सुखदुःख नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, घरातल्या घरात रेकॉर्डिंग करायचं.

कोल्हापुरात सिनेमाच्या धंद्यातली माणसं गल्लोगल्ली होती. असाच एक लहानसा स्टुडिओ बंद पडला आणि त्याचं सामान भंगारात निघालं, त्यातून दादानं स्पूलचं एक मशीन उचलून आणलं. पांढऱ्या पत्र्याचं, लाकडी कडांचं, ट्रंकेएवढं, दोघांनी मिळून जिन्यावरून चढवायला लागलं. वर दोन मोठ्या बॉबिनी, एकीवरून टेप सुटायची आणि दुसरीवर गुंडाळली जायची. मधे एक पत्र्याचं झाकण, आणि झाकणाखाली ती हेडं, ज्यांच्यावरून टेप घासत जाते.

आमच्या गल्लीच्या तोंडाला रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. दादानं त्यांना भरीला घालून त्या मशीनमध्ये डाव्या बाजूला एक जादा हेड बसवून घेतलं. का, तर एकदा गाणं रेकॉर्ड झाल्यावर नंतर त्यातच दुसरं वाद्य घालता यावं. टेप आधी या नव्या हेडावरून जायची. ते जुनं गाणं वाचायचं. मग पुढचं हेड टेप पुसून कोरी करायचं. आणि त्याच्या पुढचं, मधलं, चकचकीत हेड वाचलेलं जुनं आणि आत्ता वाजवलेलं नवं असं दोन्ही मिळून त्याच टेपवर पुन्हा लिहायचं. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

"म्हणजे आधी पुसतं, मग लिहितं?" मी विचारलं.

"व्हय."

"आणि वाजवणारा चुकला तर? जुनं कुठंय मग?"

"न्हाय कुठं. गेलं." दादा हसला. "म्हणून चुकायचं न्हाय."

काय तर एकेकाची उत्तरं! मी त्याच दिवशी मनात म्हटलं, या मशीनच्या वाटेला आपण जायचं नाही. पण ऑर्केस्ट्रातला बेस वाजवणारा मुंबईला गेला तो गेलाच, आणि दादानं ती लांबलचक गिटार माझ्या मांडीवर ठेवली. चार तारा, त्याही दोरखंडासारख्या. आठवडाभरात माझी बोटं सुजली. आई म्हणाली, पोरीच्या जातीला भाकरी थापायला हात राहू देत. दादा म्हणाला, "आई, गाण्याला जमीन लागती. जमीन न्हाय तर गाणाऱ्यानं उभं कुठं ऱ्हायाचं?" असं काही तो बोलला की आई विरघळायची. आणि मी मुकाट्यानं त्याची जमीन सारवत बसायचे.

त्या उन्हाळ्यात दादाचा आवाज बसला. जत्रांचा हंगाम, आवाज बसणारच, म्हणून आई त्याला ज्येष्ठमध चघळायला देत राहिली. हळद-दूध झालं, तुळशीचा काढा झाला. आवाज काही सुटेना. शेवटी मिरजेला दाखवलं. घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढायला लागेल, जीव वाचेल, असं तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"आणि बोलणं?" दादानं विचारलं.

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. परत येताना एस.टी.त आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मला आठवतं, मी सारखी त्याला काहीबाही विचारत होते, खिडकी लावू का, पाणी देऊ का, केवळ त्यानं 'हां' म्हणावं म्हणून. घराच्या पायरीवर तो थांबला आणि म्हणाला, "जायच्या आधी आईचं गाणं करायचं."

आईचं गाणं म्हणजे त्यानंच बांधलेलं गाणं. तीन कडव्यांचं. आईचं माहेर शिरोळकडचं, कृष्णेच्या काठाचं. एका पावसाळ्यात नदी शेतात आली आणि तिचे वडील मळ्यातल्या माळ्यावर अडकले, तेव्हा आई, लग्नाआधीची, भाकरीचं गठुडं डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून त्यांच्याकडं गेली होती. ही गोष्ट ती आम्हाला इतक्या वेळा सांगायची की ती सुरू झाली की आम्ही दोघं एकमेकांना कोपरं मारायचो. दादानं पहिल्या कडव्यात तीच घातली होती. बाकीची दोन कडवी नदीची, पिकाची, कुणाचीही. पहिलं मात्र तिचंच.

माडीवरच्या भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीत घोंगडी कोंबली. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दुपारी रवंथ करत बसल्या, तेवढ्या वेळात दादा पेटी घेऊन गायला बसला. आवाज घासलेला होता. वरच्या सुराला तो चिरत होता, पण दादाचाच होता. बेस दुसऱ्या दिवशी घालायचा होता. दुसऱ्या दिवशी लाईट नव्हती. आणि लाईट यायच्या आधी मिरजेहून निरोप आला की खाट मोकळी झालीय, पेशंटला घेऊन या.

दादा परत आला तेव्हा त्याच्या गळ्याला पुढं भोक होतं. तिथून तो श्वास घ्यायचा. त्यावर मलमलचा लहानसा तुकडा बांधलेला असायचा आणि तो श्वासाबरोबर आतबाहेर हलायचा. मी खोटं कशाला बोलू, मला पहिले काही दिवस त्याच्याकडं बघवायचं नाही. त्याच्याशी बोलताना मी त्याच्या कपाळाकडं बघायचे. आईनं लिहायला पाटी आणून दिली, ती त्यानं भिंतीला टेकवून ठेवली ती ठेवलीच. हाक मारायची झाली तर तो टिचकी वाजवायचा. मला एक, आईला दोन.

आता सगळ्या जगात दादाचा आवाज एकाच ठिकाणी होता. त्या स्पूलवर. मी दिवसातून एकदा तरी माडीवर जाऊन तो डबा जागेवर आहे ना ते बघून यायचे. उंदीर लागेल, ओल येईल, कुणी तरी चुकून हात लावेल. मला स्वप्नं पडायची ती सुद्धा तशीच.

आणि नवरात्र बसलं तसं दादानं मला टिचकी वाजवून बोलावलं आणि बेस गिटारकडं बोट दाखवलं.

"न्हाय," मी म्हटलं. "अजिबात न्हाय. ते मशीन जुनं पुसतंय. मी चुकलो तर?" आमच्याकडं बायकापण 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, मी अजूनही घरात तसंच बोलते. "आधी नक्कल काढू. कॉलेजात दुसरं मशीन हाय, ते मागून आणू."

दादानं हातानं कुलूप लावल्याची खूण केली. कॉलेजला सुट्ट्या लागल्या होत्या, मशीन कपाटात बंद, ते दिवाळीनंतरच निघणार. मी म्हटलं, मग दिवाळीनंतर करू. त्यानं मान हलवली. दसरा झाला की त्याला घशावर किरणांचा लाईट घ्यायला पुन्हा मिरजेला जायचं होतं, आणि त्याच वॉर्डात लाईट घेणारी माणसं कशी वाळून कोळसा होतात ते आम्ही दोघांनी बघितलं होतं. त्यानं खाली स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाला लावलं. आईनं ऐकायला पाहिजे. जायच्या आधी.

मी भांडले. अगदी कडाकडा. "तुला तुझ्या आवाजाची किंमत न्हाय, मला हाय," असंही बोलले. भांडताना त्याचं काही उत्तर येत नव्हतं, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी भांडताना आपलाच आवाज कसा घाणेरडा वाटतो ते मला तेव्हा कळलं. शेवटी मीच दमले आणि हो म्हणाले.

ठरलं दसऱ्याच्या दिवशी. मुहूर्ताचा दिवस. आणि बेसला बाहेरच्या गलक्याचा त्रास नव्हता, गिटारची वायर सरळ आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या डब्यात जायची, मग गल्लीत हलगी वाजू दे नाहीतर म्हशी हंबरू देत. भीती होती ती फक्त दोन गोष्टींची. लाईट जाण्याची आणि माझ्या बोटांची.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्यात घरातल्या हत्यारांची पूजा असते. ज्याचं त्याचं हत्यार, म्हणजे विळा, खुरपं, शिलाईचं मशीन, गाडी, जे काही पोटाला घालतं ते. ते धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, आणि दिवसभर त्याला कामाला लावायचं नाही. दादानं अष्टमीलाच सगळं लख्ख करून ठेवलं. हेडं तर त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं इतकी घासली की मधलं हेड नव्या रुपयासारखं चमकायला लागलं. खंडेनवमीला सकाळी आई ताम्हन घेऊन वर गेली. मी खाली आपट्याच्या डहाळ्या निवडत होते. बऱ्याच वेळानं ती डोळे पुसत खाली आली. मला वाटलं, उदबत्तीचा धूर गेला असेल.

दसऱ्याला खाली आईनं पुऱ्यांचं पीठ मळायला घेतलं आणि आम्ही वर गेलो. मिक्सरवर, गिटारच्या लाकडावर, मशीनच्या झाकणावर कुंकवाची बोटं उठलेली. झेंडू वाळायला लागलेला. दादानं फुलं बाजूला काढली, स्पूल चढवला, टेप झाकणाखालच्या फटीतून ओवून उजवीकडच्या बॉबिनीला लावली. झाकण काढायचं काही कारणच नव्हतं. आत्ता तर सगळं साफ केलेलं.

मी गिटार घेतली. हात पुसले. परत पुसले. हेडफोन कानाला लावला. दादा मशीनजवळ वाकून बसला, एक हात बटणावर, दुसऱ्या हाताची बोटं माझ्या गुडघ्यावर. पूर्वी तो तोंडानं 'एक, दोन' म्हणायचा. आता त्यानं गुडघ्यावर ठोके दिले आणि बटण दाबलं.

पेटी सुरू झाली, आणि मग दादा गायला लागला. माझ्या कानात. समोर दादा तोंड मिटून बसलेला, गळ्यावरचा मलमलचा तुकडा हलतोय, आणि कानात तोच गातोय. पहिली तार वाजवली तेव्हा माझा हात माझा नव्हता. जाड 'सा' निघाला आणि छातीत घुमला. या क्षणी डावीकडं त्याचा आवाज वाचला जातोय, पुसला जातोय, आणि माझ्या या सुरांसकट परत लिहिला जातोय. मागं जायला वाट नाही. एकेक शब्द जात होता. आईचं पाणी कमरेपर्यंत आलं, गठुडं डोक्यावर गेलं. देवा अंबाबाई, हा सूर नीट पडू दे. आता हा पडू दे. एवढंच मी म्हणत होते.

दादाच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती म्हणून मी उजवीकडच्या फिरत्या बॉबिनीकडं बघत होते. पहिलं कडवं संपत आलं होतं. आणि मला मशीनच्या पांढऱ्या पत्र्यावर लाल दिसलं.

लाल. बारीक थेंबांसारखं.

मला वाटलं, रक्त. दादा वाकलाय, त्याच्या गळ्यातून रक्त पडतंय. मी त्याच्या गळ्याकडं बघितलं, ज्या गळ्याकडं मी इतके दिवस बघितलं नव्हतं. मलमल पांढरी स्वच्छ होती. परत मशीनकडं बघितलं तर लाल फक्त पत्र्यावर नव्हतं. बॉबिनीवर, गुंडाळत जाणाऱ्या टेपला लाल रेघ चढत होती. ती झाकणाखालून येत होती.

थांबलो तर गाणं तुटतंय. नाही थांबलो तर काय होतंय ते कळत नव्हतं. कानात तर दादाचा आवाज स्वच्छ येत होता! मी दोन ठोके तसंच वाजवलं, आणि मग काय झालं मला, मी गिटार सोडून फिरत्या बॉबिनीवर तळवा दाबला. मशीन कुरकुरलं. दादानं दचकून बटण बंद केलं आणि माझ्याकडं असं बघितलं की आवाज असता तर त्यानं मला फाडून खाल्लं असतं.

मी बोट दाखवलं. दादानं झाकण उचललं.

मधल्या चकचकीत हेडावर कुंकू होतं. नुसतं शिंपडलेलं नाही. आई देवाला लावते तसं, आधी मेणाचा ठिपका आणि त्यावर दाबून बसवलेलं, ठसठशीत. टेप त्याच्यावरून घासत जाऊन त्याची एक कड झिजली होती. आईनं दादाला रोज तेच हेड पुसताना बघितलं होतं. "आवाज इथनंच आत जातोय न्हवं?" असं तिनं त्याला मागं कधीतरी विचारलेलं मला आठवलं, आणि त्यानं 'व्हय की' म्हणून हसून सांगितलेलंही. म्हणून तिनं झाकण काढून, बाकी सगळ्याला नुसतं बोट टेकवून, याला मात्र देवासारखं मेण लावून कुंकू लावलं होतं. तिच्या लेकाचा आवाज जिथून जातो त्या जागेला.

दादानं टेप मागं घेतली आणि वाजवली. आम्ही दोघांनी एका हेडफोनचा एकेक कान धरला होता. पेटी नाही. माझा बेस मात्र येत होता, जाड, गोल, एकही सूर न चुकलेला. आणि त्याच्या मागं कुठंतरी लांब, पलीकडच्या गल्लीत कुणीतरी तोंडावर गोधडी घेऊन बोलावं तसं, काहीतरी. शब्द नाहीत. दादा नाही. टेप आणि हेड यांच्या मधे कुंकू आल्यावर जाड आवाज तेवढा पलीकडं पोचला होता, बारीक सगळं अलीकडंच राहिलं होतं. आणि जुनं तर पुसून गेलं होतं. आईचं कडवं गेलं होतं.

मला रडू फुटलं. दसऱ्याच्या दिवशी, मोठ्यानं. बाहेर कुणीतरी हलगी कडकडवत होतं, तरी खालून आईचा आवाज आला, "काय झालं गं? पडली का काय?"

दादानं माझ्या तोंडावर हात ठेवला. मग स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं, आणि दोनदा खालच्या दिशेनं बोट दाखवून मान हलवली. तिला कळता कामा नये. त्याच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीती दिसली. मिरजेला नेताना दिसली नव्हती ती.

"काय न्हाय गं," मी ओरडले. "बोटाला तार लागली."

त्यानं आपल्या गळ्याच्या ड्रेसिंगच्या डब्यातून कापूस आणि स्पिरिटची बाटली काढली आणि हेड पुसायला घेतलं. बोळा लालभडक झाला. दुसरा गुलाबी. तिसरा पांढरा निघेपर्यंत तो पुसत होता. तो लाल बोळा मी गिटारच्या पेटीच्या कप्प्यात कोंबला. आणि मग त्यानं पुन्हा गिटारकडं बोट दाखवलं.

"तुला वेड लागलंय का?" मी कुजबुजत भांडले. "दोन कडवी ऱ्हायल्यात. ती तरी ऱ्हाऊ देत की. मी पाया पडतो तुझ्या."

तो ऐकेना. त्यानं माझा हात धरून तारेवर ठेवला. मग त्यानं बोटानं गुडघ्यावर दुसऱ्या कडव्याची चाल ठोकून दाखवली, शांतपणे, ऑर्केस्ट्रात नव्या पोराला शिकवावी तशी. मला समजलं की जमीन अर्धीच सारवून उठलेलं त्याला चालणार नव्हतं. आणि आईला द्यायचं म्हणून जे बसलो होतो ते आता मोडकं का असेना पण द्यायचंच होतं.

वाजवलं. ती दोन कडवी मी कशी वाजवली ते मला आजही सांगता येणार नाही. मी बॉबिनीकडं बघत होते, ती तपकिरीच राहिली. शेवटचा सूर विरला, दादानं बटण सोडलं, टेप मागं घेतली, आणि या वेळी तो आला. दुसऱ्या कडव्यापासून शेवटपर्यंत, चिरका, घासलेला, माझ्या जाड सुरांवर पाय रोवून उभा. दादानं डोळे मिटले होते. गळ्यावरची मलमल जोरजोरानं हलत होती.

संध्याकाळी सोनं लुटून झाल्यावर आईला वर आणून मशीनसमोर बसवलं. स्पीकर लावला. दादा तिच्या मागं उभा राहिला, मी दाराशी.

नुसता बेस सुरू झाला. आई वाट बघत होती. तिला चाल पाठ होती, दादा बांधत असताना तिनं ती शंभरदा ऐकली होती. तिचे ओठ आपोआप हलायला लागले, पाणी कमरेशी आलं, गठुडं डोक्यावर गेलं. सबंध कडवं तिनं आवाज न करता म्हटलं. मग दुसऱ्या कडव्याला दादाचा आवाज आला आणि तिनं पदर तोंडात धरला.

संपल्यावर तिनं विचारलं, "पयल्या कडव्यात तू गायलास न्हवं? मी जिन्यात बसून ऐकलं हुतं."

"तिथं आता नुसतं वाजवायचंच ठेवलंय," मी पटकन म्हटलं. "तसंच चांगलं वाटतंय. दादानंच सांगितलं."

दादानं मान डोलावली. आईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि एकदा मशीनकडं.

"बरं हाय की," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

दादा मिरजेला गेला, लाईट घेऊन आला, वाळला आणि हळूहळू सावरला. पण वर्षभर माझ्या मनातली धास्ती गेली नाही. आता ती आवाजाची नव्हती, जो गेला तो गेला. आईला कळेल याची होती. कुणी ओळखीचं आलं आणि रेकॉर्डिंगचा विषय निघाला की मी मधेच चहाचं काढायचे. एकदा गिटारची पेटी साफ करताना कप्प्यात हात घातला तर तो लाल बोळा तिथं नव्हता. मी दादाला विचारलं. त्यानं घेतला नव्हता. मी सगळी माडी उलथीपालथी केली. आईला विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या खंडेनवमीला दादानं मशीन पुसून मांडलं. झाकण काढून ठेवलं, का ते मला माहीत नाही. आई ताम्हन घेऊन वर आली. मिक्सरला कुंकू लावलं, पेटीला लावलं, माझ्या गिटारला लावलं. मशीनपाशी आली आणि थांबली.

दादानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. मी काही सांगितलं नव्हतं. मग त्यानं आईचं मनगट धरलं आणि मशीनच्या लाकडी कडेकडं नेलं. इथं लाव, काही होत नाही.

आईनं हात हळूच सोडवून घेतला.

"नगं रे बाळा," ती म्हणाली. "लांबनंच बरं हाय."

ती खाली बसली, आणि मशीनपासून हातभर अंतरावर, उघड्या फरशीवर, तिनं कुंकवाचं एक बोट टेकवलं.